नकाशात रेंज आहे, माजघरात नाही

वाचकाचे पत्र: सप्रेम नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या एका वाडीत, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, अगदी पायथ्याशी आहे. पर्यटकांसाठी आम्ही दोन खोल्यांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतो. सासरे हृदयरुग्ण आहेत आणि यजमान नोकरीनिमित्त मुंबईत असतात. जुन्या कार्डाला घरात रेंज नसल्याने एका कंपनीच्या संकेतस्थळावरील नकाशा पाहिला. त्यात आमची संपूर्ण वाडी फोर-जीच्या गडद रंगात होती, म्हणून मागच्या महिन्यात त्या कंपनीचे नवे कार्ड घेतले. आता खळ्यात, म्हणजे अंगणात, एक-दोन दांड्या दिसतात, पण माजघरात आले की फोन मुका होतो. पाहुण्यांना यूपीआयने पैसे द्यायचे तर पाखाडीच्या पायऱ्या चढून सड्यावर जावे लागते. कंपन्यांचे हे नकाशे खोटे असतात का? सासऱ्यांचा जुना नंबर बँकेत आणि गॅसच्या नोंदणीत दिलेला आहे. तो या नव्या कंपनीत पोर्ट करावा, की तिसरीच कंपनी पाहावी?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे निर्णय चुकला तर तो लगेच फिरवता येत नाही. सासऱ्यांचा जुना नंबर तूर्त कोठेही पोर्ट करू नका. नव्या कार्डाचा अनुभव तुम्ही स्वतःच लिहिला आहे, आणि तिसऱ्या कंपनीचा नकाशा कितीही भरगच्च रंगवलेला असला तरी घरात चाचणी घेतल्याशिवाय बँकेशी जोडलेला नंबर तिच्या हवाली करणे योग्य नाही. नकाशे खोटे असतात का, याचे उत्तर मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येणार नाही. माझे मत असे, की नकाशा ‘येथे सेवा नाही’ असे सांगत असेल तर ते निःशंक खरे मानावे, कारण रेंज असताना ती नाही असे दाखवण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नसतो. परंतु तोच नकाशा ‘येथे सेवा आहे’ असे सांगत असेल, तर त्याला केवळ पुढील चौकशीचे निमित्त समजावे.

हे नकाशे आता कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयी नवे विनियम काढले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आणि आपण जेथे सेवा देतो त्या भागाचा तंत्रज्ञानानुसार नकाशा, म्हणजे टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी वेगवेगळे दाखवणारा नकाशा, संकेतस्थळावर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. ग्राहकाच्या दृष्टीने ही सुधारणा महत्त्वाची आहे आणि तिचे श्रेय ट्रायला दिलेच पाहिजे. मात्र नकाशा प्रसिद्ध करण्याची सक्ती झाली म्हणून त्यातील प्रत्येक वाडीत कोणी फोन घेऊन उभे राहून पाहिले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तसे करणे शक्यही नाही.

रंग भरला जातो तो गणिताने. टॉवर कोठे आहे, त्यावरील अँटेना किती उंच आहे, तिचे तोंड कोणीकडे आणि किती खाली झुकलेले आहे, लहरींची वारंवारता किती आणि मधली जमीन कशी, ही माहिती संगणकाला दिली जाते आणि जमिनीच्या प्रत्येक लहान चौकोनात सिग्नल किती शक्तीचा पोहोचेल याचा अंदाज तो काढतो. ठरलेल्या किमान शक्तीच्या वर अंदाज गेला की चौकोनाला रंग मिळतो. अशा अंदाजासाठी जगभर वापरल्या गेलेल्या सूत्रांपैकी एका आद्य सूत्राचा पाया ओकुमुरा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, टोकियो आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात घेतलेल्या मोजमापांवर आहे. हाता यांनी १९८० मध्ये त्या आलेखांना सूत्राचे रूप दिले. टोकियोच्या उपनगरांत तपासलेले गणित कोकणातल्या घाटीला लावायचे, तर त्यात किती दुरुस्त्या कराव्या लागत असतील याची कल्पना तुम्ही करू शकता. कंपन्या त्या करतातही. मोजणीची उपकरणे गाडीत ठेवून त्या रस्त्यारस्त्यांनी फिरतात आणि प्रत्यक्ष आकड्यांवरून अंदाज सुधारून घेतात. पण गाडी रस्त्यानेच जाणार. सड्यावरून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर मोजलेली रेंज पाखाडी उतरून आगरात वसलेल्या घरांना लागू पडत नाही, आणि आपल्याकडील निम्म्याहून अधिक वाड्या अशाच उतारावर किंवा पायथ्याशी आहेत असे म्हटले तर कोणी कोकणी माणूस त्याला हरकत घेणार नाही.

जमिनीच्या उंचीची माहितीही चौकोनांतच येते. अवकाशयानातून २००० साली केलेल्या सर्वपरिचित उंचीमापनात एक चौकोन साधारण ३० मीटर लांबी-रुंदीचा आहे. कंपन्यांजवळ याहून बारीक माहिती असू शकते. परंतु ३० मीटरांच्या चौकोनाला एकच सरासरी उंची दिली, तर सड्याचा तुटलेला कडा आणि त्याखालचे तुमचे कौलारू घर यांतला फरक बहुतांशी पुसला जातो. सड्यावर ठेवलेल्या गॅसबत्तीचा उजेड लांबच्या होड्यांना दिसावा आणि कड्याच्या लगतच्या घरात मात्र काळोख राहावा, तशी तुमची अडचण दिसते. खाडीकाठी याच्या उलट प्रकारही घडतो. पाण्यावरून लहरींना अडथळा नसतो, त्यामुळे दाभोळ किंवा जयगडच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या माणसाला पलीकडच्या तीरावरचा टॉवर गावातल्या टॉवरपेक्षा चांगला मिळू शकतो. म्हणून टॉवर किती जवळ आहे यापेक्षा त्याच्या आणि घराच्या मध्ये काय आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

तुमच्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील खळे आणि माजघर यांतील फरकाचा आहे. कव्हरेजचे नकाशे सर्वसाधारणपणे घराबाहेरच्या, उघड्यावरच्या रेंजचे असतात. ही गोष्ट नकाशाखालच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेली असते आणि ती अक्षरे कोणी वाचत नाही. सिग्नलची शक्ती डीबीएम या एककात मोजतात. आकडा उणे असतो, आणि तो दहाने अधिक उणे झाला की शक्ती दहाव्या भागावर आलेली असते. फोर-जीत उणे ९० च्या आसपासचा आकडा चांगला, उणे ११० चा क्षीण, आणि उणे १२० ला पोहोचलात की फोन जवळजवळ निरुपयोगी. जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत असा दहाचा एक टप्पा सहज खाऊ शकते. तीत पावसाचा ओलावा मुरला असेल तर अधिक. पडवीवर किंवा कौलांवर लोखंडी पत्रे घातले असतील तर त्या बाजूने सिग्नल आत येण्याची आशा फारशी नाही. खळ्यात एक-दोन दांड्या असतील तर माजघरात फोन मुका होणे हे अपेक्षितच आहे, आणि नकाशा काढणाऱ्या कंपनीला विचारलेत तर ती खळ्याकडे बोट दाखवून आपला नकाशा बरोबर असल्याचे सांगेल.

दांड्यांवरही फार विसंबू नये. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या याचा सर्वमान्य नियम नाही. फोन बनवणारी कंपनी तो आपल्या सोयीने ठरवते. जुलै २०१० मध्ये ॲपलने जाहीरपणे मान्य केले होते, की आयफोनमधील दांड्यांचा हिशेब चुकीचा असून अनेकदा असायला हव्यात त्याहून दोन दांड्या जास्त दाखवल्या जात होत्या. त्यापेक्षा आकडाच पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली तो सापडतो.

नकाशातील रंगांपैकी कोणता पाहावा, हेही ठरवायला हवे. कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात आणि भिंतींतून तुलनेने बऱ्या शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या किंवा फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी वेग चांगला देतात, पण डोंगराआड आणि घराआत लवकर हरतात. तेव्हा फाइव्ह-जीच्या नकाशाकडे तुम्ही सध्या पाहूच नका. सासऱ्यांच्या दृष्टीने साधा कॉल लागणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी त्या कंपनीचे टू-जी तुमच्या भागात आहे का हे पाहणे योग्य, कारण फोर-जी क्षीण झाल्यावर कॉल टू-जीवर उतरू शकतो. जिओसारख्या, टू-जी मुळातच नसलेल्या कंपनीच्या बाबतीत फोर-जी गेले की कॉलही जातो.

आता नकाशात दिसूच शकत नाहीत अशा दोन गोष्टी, आणि कोकणात मला त्याच सर्वांत त्रासदायक वाटतात. पहिली पावसाची. आपल्या फोनच्या लहरींना पावसाच्या सरींनी फारसा फरक पडत नाही. अडते ते मागचे. टॉवरला वीज लागते. ती गेल्यावर बॅटरी काही काळ टिकते, मग डिझेलचा जनित्र, आणि रस्ता बंद असेल तर डिझेलही नाही. टॉवर पुढच्या जाळ्याला जोडलेला असतो तो जमिनीखालच्या फायबरने किंवा टॉवर ते टॉवर अशा मायक्रोवेव्हने. फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटते आणि उच्च वारंवारतेच्या मायक्रोवेव्हला मुसळधार पाऊस खरोखरच बाधतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. नकाशा त्या दिवसांतही तसाच रंगीत दिसला असता, कारण तो टॉवर सुरू आहे असे धरूनच काढलेला असतो. येथे आणखी एक व्यावहारिक मुद्दा निघतो. अनेकदा दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर असतात. तो बंद पडला की सगळ्याच जातात. घरात दोन कार्डे ठेवायची तर ती वेगवेगळ्या कंपन्यांची असून पुरत नाही, वेगवेगळ्या टॉवरवरची असली पाहिजेत. कोणता टॉवर कोठे आणि कोणत्या कंपनीचा, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर पाहता येते. ते २०१७ मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाविषयीच्या शंकांसाठी सुरू झाले, पण तुमच्या कामाला ते कंपनीच्या नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

दुसरी गोष्ट गर्दीची. गणपतीत चाकरमानी आले, शिमग्याला पालखी निघाली किंवा मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या लागल्या, की त्याच टॉवरवर एरवीच्या कितीतरी पट फोन येतात. दांड्या भरलेल्या असतात आणि यूपीआयचे चक्र फिरत राहते. सिग्नलची शक्ती आणि टॉवरची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नकाशा फक्त पहिलीविषयी बोलतो. तुमचा धंदा नेमका गर्दीच्याच दिवसांत चालणार, म्हणून आषाढातल्या एखाद्या निवांत दुपारी घेतलेल्या चाचणीवर निर्णय घेऊ नका.

नकाशांतील फुगवट्याचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ग्रामीण भागात फोर-जी पोहोचवण्यासाठी ४.५३ अब्ज डॉलरपर्यंतची मदत द्यायची होती आणि ती कोठे द्यायची हे कंपन्यांनी दिलेल्या नकाशांवरून ठरणार होते. तेथील नियामक संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः सुमारे दहा हजार मैल फिरून मोजणी केली, तेव्हा नकाशानुसार जेथे किमान वेग मिळायला हवा होता तेथे तो केवळ ६२.३ टक्के चाचण्यांतच मिळाला. डिसेंबर २०१९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. यातून लक्षात घेण्यासारखे हे, की फाजील रंगवलेल्या नकाशाने कार्ड विकत घेणारा ग्राहक फसतो तेवढेच नुकसान होत नाही. ज्या गावाला मदतीची गरज आहे ते ‘सेवा असलेले’ म्हणून यादीतून वगळले जाऊ शकते. आपल्याकडेही केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांना फोर-जी देण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणून तुमच्यासारख्या वाडीने ग्रामसभेत ठराव करून, कोणत्या घरात कोणत्या कंपनीचा किती आकडा येतो याची नोंद त्यासोबत जोडली, तर ती नुसत्या ‘रेंज नाही’ या तक्रारीहून वजनदार ठरेल.

प्रत्यक्ष चाचणीची सुरुवात विनाखर्च करता येते. फोनच्या मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून शोध घेतला, की त्या जागी ज्या ज्या कंपन्यांचा सिग्नल फोनला ऐकू येतो त्यांची नावे दिसतात. हा शोध माजघरात, पडवीत आणि पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांत घ्या. जी कंपनी यादीत येतच नाही ती सोडून द्या. जी येते ती पुरेशी आहे असे मात्र समजू नका, कारण क्षीण सिग्नलही यादीत दिसतो. यानंतर तुमच्या घरात आपसूक येणाऱ्या परीक्षकांचा उपयोग करून घ्या. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांजवळ निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे असतात. कोणत्या खोलीत कोणाचा फोन लागला आणि कोणाचा नाही हे नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलेत, तर एका हंगामात कोणत्याही कंपनीकडे नसलेली माहिती तुमच्या हाती येईल. वेग मोजण्यासाठी ट्रायचे ‘मायस्पीड’ हे ॲप आहे. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान मोजणी जरूर घ्या, कारण तेव्हा सर्वांचेच फोन हातात असतात.

एवढ्या चाळणीतून जी कंपनी टिकेल तिचे प्रीपेड कार्ड आधी घ्या आणि किमान एका गर्दीच्या आठवड्यात व एका वीज गेलेल्या रात्री वापरून पाहा. मगच सासऱ्यांच्या नंबरचा विचार करावा. पोर्ट करायचे ठरले तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे जागा सोडून मोबाइल क्रमांक टाकायचा आणि तो संदेश १९०० वर पाठवायचा. जो कोड येतो तो आपल्याकडे चार दिवस चालतो. पोर्ट झाल्यानंतर ९० दिवस त्या नंबरला पुन्हा कंपनी बदलता येत नाही, आणि नवे घेतलेले कार्डही तेवढे दिवस झाल्याशिवाय पोर्ट होत नाही. बँकेचा ओटीपी तीन महिने सड्यावर चढून घ्यावा लागेल, अशी वेळ हृदयरुग्णावर आणू नये एवढ्याचसाठी मी सुरुवातीला ‘थांबा’ म्हटले.

तुमच्या घराच्या बाबतीत मला वाटते, की कोणतीच कंपनी माजघर पुरेसे व्यापणार नाही, ही शक्यता धरूनच चालावे. ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरवरून किंवा स्थानिक केबलवाल्याकडून ब्रॉडबँड मिळत असेल तर तो खर्च दुसऱ्या-तिसऱ्या कार्डापेक्षा सार्थकी लागेल. घरात वायफाय आले की पाहुण्यांचे यूपीआय खोलीतूनच होईल, आणि कंपनी व फोन दोन्ही वायफाय कॉलिंगची सोय देत असतील तर साधे कॉलही त्यावरून जातील. राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडावा. ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय ते बसवणे बेकायदा आहे आणि त्यांच्यामुळे शेजाऱ्यांचीही सेवा बिघडते.

नव्या कार्डाविषयी तक्रार अवश्य नोंदवा. १९८ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्यापुढे केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो स्पष्टपणे मान्य केला. तरी एका घराच्या माजघरातील रेंजसाठी त्या वाटेने जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

राहिला सासऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्न. फोनवर कंपनीच्या नावाऐवजी ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल, तर त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा सिग्नल नाही पण दुसऱ्या एखाद्या कंपनीचा फोनला मिळतो आहे. अशा वेळी ११२ हा क्रमांक त्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. घरच्यांना रुग्णवाहिकेचा १०८ पाठ असेलच. त्याबरोबर हाही शिकवून ठेवा. फोनवर ‘नेटवर्क नाही’ असे दिसते तेव्हा मात्र ११२ सुद्धा लागत नाही. म्हणून घरातल्या कोणत्या जागी ‘नेटवर्क नाही’ असे दिसते आणि कोणत्या जागी नाही, ते आजच पाहून सासऱ्यांची खाट शक्यतो त्याप्रमाणे लावा.